सकाळचं निरोगी डोकं

संपादकांचं पत्र येऊन दीड महिना झाला. "मेंदूच्या संशोधनातले तुमचे अनुभव निवांत बसून लिहा," असं त्यांनी कळवलंय. यातलं बसणं हेच मला जमत नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, अंगणातल्या नळाची तोटी घट्ट आहे का बघून येतो, पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. बायको म्हणते, "अंगाले खाजकुयली लागली का तुमच्या?" आणि मजा अशी की पस्तीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगायचा पगार घेतला. डोळे मिटा, जबडा सैल सोडा, आवंढा गिळू नका, हलू नका. स्वतःचा पाय मात्र खुर्चीखाली सारखा हलत असे, अजून हलतो. तो केव्हापासून हलायला लागला, तेवढंच आज सांगणार आहे. बाकी नोकरी कुठे लागली, बढती कधी मिळाली, यात कोणाला रस असायचं कारण नाही.

आधी यंत्राचं सांगतो. आपल्या मेंदूत सतत वीज खेळत असते. अगदी बारीक, टॉर्चच्या सेलपुढे नसल्यातच जमा. डोक्यावर ठरावीक जागी चांदीच्या छोट्या चकत्या लावल्या की ती वीज तारांतून यंत्रात येते. यंत्र तिला मोठी करतं आणि आठ लेखण्या सरकत्या कागदावर आठ रेघा ओढतात. याला मेंदूचा आलेख म्हणतात. निरोगी माणसाच्या रेघा बारीक थरथरत जातात. ज्याला फिट येते त्याच्या रेघांत, तो शांत पडलेला असतानाही, मधूनच खुणा उमटू शकतात. एक टोकदार काटा, त्यामागे एक गोल उंचवटा, पुन्हा काटा, पुन्हा उंचवटा, आठही रेघांत एकदम. कागदावर कोणी कंगवा टेकवावा तसं दिसतं. दोन-चार सेकंदांत संपतं आणि रेघा पुन्हा काही झालंच नाही अशा चालू लागतात.

हे यंत्र शहात्तरच्या जानेवारीत जीपमध्ये घालून आमच्या भागात आलं. तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यात होतं. दोन विद्यापीठांनी मिळून काम काढलं होतं. एकाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने यंत्र, जीप आणि औषधं दिली, दुसऱ्याने नव्या संशोधकांसाठी शिष्यवृत्ती दिली. करार झाला, दोन्हीकडच्या मोठ्या सरांनी हार घालून घेतले आणि खेड्यात पाठवली ती एकटी वसुधाबाई. सत्तावीस वर्षांची, अंगाने काटकुळी, शहरात वाढलेली. तिची डॉक्टरेट या कामावर होती. तिला शोधायचं होतं ते असं: एखाद्या घरात एकाला फिट येत असेल, तर ज्यांना कधीच फिट आली नाही अशा त्याच्या भावंडांच्या रेघांतही त्या खुणा असतात का? असतील, तर हा आजार कुठल्या बाहेरच्या बाधेचा नाही, अंगातलाच आहे, हे खेड्यातल्या लोकांना दाखवता येईल, असं ती म्हणे.

तिच्या हाताखाली मी होतो. वामन इंगोले, राहणार अनसिंग, वय बावीस, सायन्सच्या पहिल्या वर्षाला आपटलेला. मला घेतलं ते वऱ्हाडी बोलतो आणि सायकल चालवतो म्हणून. डोक्यावर टेप लावून जागा मोजायच्या, केस बाजूला करायचे, चकत्या बसवायच्या, हे बाईने पंधरा दिवसांत शिकवलं. आसेगावला शाळेच्या एका खोलीत मुक्काम टाकला. यंत्राला जमिनीशी जोडावं लागतं, नाहीतर गावभरची वीज रेघांत शिरते. म्हणून शाळेमागे तांब्याचा दांडा पुरला आणि मी रोज त्याला मिठाचं पाणी घालायचो. शेजारची म्हातारी बघायची. शेवटी तिने विचारलंच, "बापू, रोज पानी घालून राह्यला, उगवन का थे?"

सुरुवातीला कोणी फिरकेना. ते दिवस नसबंदीचे होते. जीप दिसली की गावातली गडीमाणसं तुरीच्या वावरात शिरत. आमचा ड्रायव्हर गफूरभाई खाली उतरून ओरडायचा, "अरे बाबा, सर का काम है, सर का! नीचे का कुछ नहीं!" मग एकेक डोकं तुरीतून वर यायचं. आले की नवीनच अडचण. मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हणून बाया डोक्यावर वाटीभर तेल थापून यायच्या, आणि तेलावर चकती चिकटत नाही. परत पाठवलं तर पुन्हा येत नसत. मग मी शाळेच्या विहिरीजवळ काळ्या मातीचं घमेलं आणि रिठ्याचं पाणी ठेवलं. आधी न्हायचं, मग यंत्र. सीतारामबुवा नावाचे एक म्हातारे टेप लावताना म्हणाले, "टोपी शिवून राह्यला का? जराशीक ढिली ठेव, भाऊ."

खरी अडचण निराळीच होती. प्रत्येक घरी फॉर्म भरायचा. दोन विद्यापीठं, म्हणून दोन फॉर्म, दोन्हींत तोच प्रश्न: घरात कोणाला फिट, मिरगी, फेफरं येतं का? आणि प्रत्येक घरी एकच उत्तर, नाही. पोरगी उजवायची असते, पोराला मुलगी मिळायची असते, कोण हो म्हणेल? मी महिनाभर नाही-नाही लिहून कंटाळलो. मग एका दुपारी एका घरी सहज विचारलं, "तुमच्यात नाही ना? बरं, शेजारी कोणाले हाय का?" बाई ताडकन म्हणाली, "हाय ना! त्या भिमाबाईच्या मधल्या पोट्ट्याले. दर अमुशाले पडते." मी भिमाबाईकडे गेलो. भिमाबाई म्हणाली, "आमच्यात कोनालेच नाही बापा. पन या शेजारनीच्या पोरीले इचार." घरोघरी मातीच्याच चुली, पण धूर नेहमी शेजारच्या चुलीचा दिसतो. त्या दिवसापासून आम्ही कोणालाच स्वतःच्या घराचं विचारलं नाही. शेजाऱ्याचं विचारायचं, मग दोन्हीकडे औषधाच्या गोळ्या घेऊन जायचं आणि गोड बोलून शाळेत आणायचं. या युक्तीवर वसुधाबाई इतकी खूश झाली की दोन्ही सरांना पत्रं लिहून तिने माझं नाव कळवलं. मी आठ दिवस ताठ मानेने फिरलो.

आता आमच्या कामाच्या गावांच्या यादीत अनसिंगही होतं, म्हणजे माझं गाव. तिथले फॉर्म मी एकट्याने भरले. आमच्या गल्लीत मी शेजाऱ्याला काहीही विचारलं नाही. आमच्या घराचा फॉर्म मी ओट्यावर बसून, खाली कार्बन घालून भरला. घरात कोणाला फिट? नाही. एक प्रत इकडच्या विद्यापीठाला, एक तिकडच्या. खोटं बोलायचं तेही दोन प्रतींत.

कारण माझ्या बहिणीला, शांताला, बाराव्या वर्षापासून फिट येत होती. वर्षातून तीन-चार वेळा. हातातलं भांडं पडायचं, मग ती पडायची. दुसऱ्यांच्या घरी असं झालं की अंगात आलं म्हणायचे, लिंबू कापायचे, निदान चार बाया येऊन पाया पडायच्या. आमच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली होती. तो म्हणायचा, "आपल्या घरात आता देव नाही, भूत नाही, कोनाच्या अंगात येनं नाही. हा रोग हाय, याले डाक्टर पाह्यजे." त्याचं अगदी बरोबर होतं. पण डॉक्टर कुठला गाठायचा हे ठरायच्या आत बापच गेला. लिंबूही नाही आणि डॉक्टरही नाही, मग उरलं काय? मूग गिळून बसणं. माय दार लावून घ्यायची आणि शांता उठेपर्यंत तिचं डोकं मांडीवर धरून बसायची. आता ती एकोणीस वर्षांची झाली होती आणि इंझोरीच्या एका मास्तराशी तिचं लग्न जमलं होतं. नोकरीवाला, शिकलेला, स्वभावाने बरा. फाल्गुनात तारीख धरायची होती. संध्याकाळी वंदनेला बसलो की खोटं न बोलण्याचं चौथं शील मी सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायचो आणि माझा पाय मांडीखाली हलायचा.

हे सगळं असंच झाकून गेलं असतं. पण यंत्राची एक रीत होती. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी एका निरोगी माणसाचा आलेख काढायचा. त्याच्या रेघा साफ आल्या की यंत्र ठीक, मग दिवसभराचं काम खरं मानायचं. निरोगी माणूस आणायचा कुठून? गावातलं कोणी यायला तयार नव्हतं, कारण त्या यंत्राखाली झोपला तो फिटवाला, असं गावाने ठरवून टाकलं होतं. गफूरभाई तारा पाहूनच पळायचा. राहिलो मी. घरात कोणाला नाही, फॉर्मवरच लिहिलेलं. तेव्हा रोज सकाळी मी बाकड्यावर आडवा व्हायचो, वसुधाबाई स्वतः माझ्या डोक्याला चकत्या लावायची, दहा मिनिटं रेघा काढायची, शेवटी तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावायची. जोराने श्वास घेतला की लपलेल्या खुणा वर येतात. वहीत त्या कागदावर शिक्का पडायचा: निरोगी.

काम सुरू होऊन वर्ष होत आलं तेव्हा, पौष महिन्यातल्या एका सकाळी मी श्वास घेत असताना लेखण्या खडखडल्या. बाईने कागदावर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाली, "हलला होता का?"

"नाही, बाई."

"मग हे काय आलं?"

मी उठून पाहिलं. कंगवा. काटा, उंचवटा, काटा, उंचवटा. अडीच सेकंद.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाई वायरमनसारखी कामाला लागली. तारा बदलल्या, चकत्या घासल्या, तांब्याचा दांडा तीनदा उपटून तीन ठिकाणी पुरला. गावातली पिठाची गिरणी सकाळी तासभर बंद ठेवायला लावली, तर गिरणीवाला शाळेत येऊन भांडून गेला. "तुमच्या डोक्यासाठी लोकायनं उपाशी राहाव का?" असं म्हणाला. मी सगळ्यात पुढे. दांडा मीच खणायचो, पाणी मीच घालायचो. हात सारखे कामात असले की बरं वाटायचं. कारण यंत्राला काही झालेलं नाही हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. तोवर मी दीड-दोनशे लोकांच्या रेघा पाहिल्या होत्या. गिरणीची वीज अशी दिसत नाही. तो कंगवा यंत्राचा नव्हता, माझ्या डोक्यातला होता. फिट येणाऱ्या पोरीचा भाऊ, स्वतःला कधी फिट आली नाही असा. वसुधाबाई ज्याच्या शोधात खेडोपाडी हिंडत होती तो तिच्या समोरच्या बाकड्यावर रोज सकाळी डोळे मिटून पडत होता, आणि ती त्याच्या कागदावर निरोगी म्हणून शिक्का मारत होती.

याने तिचं किती नुकसान होत होतं हे मला नीट समजत होतं, समजत नव्हतं अशी सबब मी आज सांगणार नाही. तिला सहा-सात भावंडांत त्या खुणा सापडल्या होत्या. तिचं सगळं काम त्यावर उभं होतं. पण निरोगी माणसाच्या रेघांतही तेच दिसत असेल, तर भावंडांत दिसलं ते खरं कशावरून? ती जेवायला बसली की ताटातला भात नुसता इकडून तिकडे करायची. एकदा मला म्हणाली, "वामनराव, माझंच काहीतरी चुकतंय." मी म्हणालो, "दांडा अजून खोल पुरू, बाई."

माघात दोन्ही सर पाहणीला आले. वैद्यकीयवाले डॉक्टर सर आणि शिष्यवृत्तीवाले विद्यापीठाचे सर. दोघांचं आपसात जुनं वैर होतं, ते एकमेकांशी बोलताना यंत्राकडे बघून बोलत. डॉक्टर सरांनी वही चाळली, माझ्या डोक्याचे कागद बाजूला काढले आणि गफूरभाईला हुकूम केला, "तू झोप." गफूरभाई घामाने निथळत झोपला. त्याला चकत्या मी लावल्या, त्याच्या रेघा स्वच्छ. उठल्यावर म्हणाला, "साब, सर में कुछ नहीं, ये लिख के दे दो. बीवी को दिखाना है." सगळे हसले. मग मी झोपलो. श्वास घेतला. खडखड झालीच.

डॉक्टर सर हुशार माणूस. माझ्याकडे वळून म्हणाले, "यंत्र ठीक आहे. क्वचित असं डोकं निघतं. पण मग घरात कोणीतरी सापडतं. तुझ्या घरी कोणाला फिट येते?"

खोलीत पाच माणसं होती. वसुधाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. उलट तिला वाटलं होतं की हा काहीतरी सांगेल आणि सुटका होईल.

मी म्हणालो, "नाही, सर."

"मग चकत्या लावणाऱ्याचा हात साफ नाही," डॉक्टर सर म्हणाले. माझ्या डोक्याला चकत्या लावणारी वसुधाबाईच. विद्यापीठाच्या सरांनी तिची बाजू घ्यायला हवी होती, ते यंत्राकडे पाहत राहिले. आठ दिवसांची मुदत दिली. उलगडा झाला नाही तर वर्षभराचे सगळे आलेख रद्द आणि शिष्यवृत्ती दुसऱ्या कोणाला. सरांची जीप गेली. बाईने माझ्या डोक्याच्या चकत्या काढल्या, एकेक पाण्यात टाकली, पुसून डबीत ठेवली. माझ्यावर रागावलीही नाही. रागावली असती तर मी टिकलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी अनसिंगला गेलो. माय चुलीपुढे होती. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. बसवत नव्हतं.

माय म्हणाली, "तुह्या बाईचं शिक्षन बुडलं त थे दुसरं शिकन. शयरातली हाय. पोरीचं लगन मोडलं त मी कोठी जाऊ?"

"माय, तिचा काही गुन्हा नाही."

"अन् शांतीचा हाय का?"

मी ओट्यावर येऊन बसलो, उठलो, विहिरीपर्यंत गेलो, परत आलो. परत आलो तर मोरीवर शांता केस सोडून बसली होती आणि डोक्याला काळी माती चोळत होती. त्या दिवशी न्हाण्याचा वार नव्हता. माय दारात येऊन बघतच राहिली.

"काहून न्हाऊन राह्यली तू?" मायने विचारलं.

"तेल असलं त चकती चिपकत नाही म्हने," शांता म्हणाली. आत बसून तिने सगळं ऐकलं होतं. "दादा, मले घेऊन चाल. बापू म्हने ना, याले डाक्टर पाह्यजे म्हून. तू त रोज डाक्टरच्या घरी भाकर खाऊन राह्यला. लोकाच्या पोरीइले गोया वाटते अन् मले नाही. काहून रे?"

मी उगाच मोरीवरची बादली सरळ केली.

"मी लपून नांदाले गेली अन् थ्या घरी चुलीपाशी पडली, त मले कोन उचलन? मास्तर शाळेत असन."

मायने पदर तोंडाला लावला, पण अडवलं नाही. आम्ही एस.टी.ने वाशिमला आणि तिथून आसेगावला गेलो. शांता खिडकीशी बसली होती, तिचे ओले केस वाऱ्यावर वाळत होते. वाटेत ती एकदाच बोलली. "दुखते का रे थे?" मी म्हणालो, दुखत नाही, फक्त हलायचं नाही.

शाळेत पोचल्यावर मी फॉर्मच्या गठ्ठ्यातून आमच्या घराचा फॉर्म काढला, दोन्ही प्रती बाईच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, "बाई, हे खोटं आहे. ही माझी बहीण." बाईने फॉर्म पाहिला. शांताकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती मला हाकलणार. ती शांताला म्हणाली, "केस किती छान धुतलेत तुम्ही. या, पडा." मी चकत्या लावायला पुढे झालो तर मला बाजूला करून तिने स्वतःच्या हाताने लावल्या. शांता डोळे मिटून पडली, दगडासारखी निश्चल. इतकं न हलणारं माणूस मी पुढे पस्तीस वर्षांत पाहिलं नाही. श्वास घ्यायला लागून मिनिट झालं नाही तोच आठही लेखण्या उसळल्या. बाईने तो कागद माझ्या सकाळच्या कागदाखाली धरला. एकाखाली एक, दोन कंगवे.

बाई रडली. आनंदाने की माझ्यावरच्या रागाने, ते मी कधी विचारलं नाही. मला एवढंच म्हणाली, "वामनराव, महिनाभर तुम्ही माझ्याकडून दांडे पुरून घेतलेत." त्यानंतर कामापुरतं बोलायला तिला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस मला वाजवीच होते.

पुढचं तिचं नीट झालं. शिष्यवृत्ती टिकली. दोन्ही सरांनी आठवड्याच्या आत ओळखून घेतलं की शोध मोठा आहे. एक म्हणाले यंत्र आमचं, दुसरे म्हणाले विद्यार्थिनी आमची. डोकं कोणाचं हे कोणी विचारलं नाही. तिच्या प्रबंधात ते दोन आलेख एकाखाली एक छापलेत. खाली लिहिलंय: बहीण, वय एकोणीस, भाऊ, वय बावीस, लक्षणे नाहीत. नावं घालत नाहीत, तशी पद्धत आहे. तिने मला पुढे महाविद्यालयात तंत्रज्ञ म्हणून लावून घेतलं, हे तिचं मोठेपण.

इंझोरीला मी आणि माय गेलो. शांतानेच पाठवलं. "बाईले सांगतलं, आता त्याइलेही सांगा," म्हणाली. लोकं वाईट नव्हती. मी सगळं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्यात, फिट थांबेल, बाई लेखी द्यायला तयार आहे. मास्तर जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या बापाने हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच धरून ठेवली. आतल्या बायांचं बोलणं बंद पडलं. पुन्हा पुन्हा चहा घ्या म्हणाले, चहा निवून गेला. चार दिवसांनी निरोप आला, पोराला एवढ्यात लग्न करायचं नाही. त्याचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

शांताची फिट गोळ्यांनी वर्षभरात थांबली. बाईने तिला कामावर घेतलं, शिबिराला येणाऱ्या बायांची डोकी धुऊन द्यायला. माझ्यापुढे केस सोडायला लाजणाऱ्या बाया तिच्यापुढे बसत, आणि घरातलं कोणालाही न सांगितलेलं तिला सांगत. तिला शेजाऱ्याचं विचारावं लागत नसे. ती आधी स्वतःचं सांगायची. पुढे तीही महाविद्यालयात लागली, माझ्याच खात्यात, आणि माझ्यानंतर तीन वर्षांनी निवृत्त झाली. आता वाशिमला माझ्या शेजारीच राहते. लग्न झालं नाही. दोनदा बोलणी निघाली, दोन्ही वेळा तिने आधी सांगून टाकलं, दोन्ही वेळा चहा निवला. यंत्र आलं तेव्हाच, बोलणी निघायच्या आत मी तिला बाईकडे नेली असती, गोळ्या चालू झाल्या असत्या, वर्षभर फिट नाही असं छातीठोक सांगता आलं असतं, तर? हे तर मी पंचेचाळीस वर्षं चघळतोय.

पण हे लिहायला बसलो ते त्या तरसाठी नाही. एक गोष्ट राहिली आहे आणि तीच बसू देत नाही.

शांताचं मोडल्यावर दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. मुलगी मंगरुळपीरकडची. या वेळी मी शहाणा झालो होतो. ठरवलं, लपवायचं नाही. प्रबंधातल्या त्या पानाची नक्कल घडी करून खिशात घातली आणि एकटाच होणाऱ्या सासऱ्याकडे गेलो. कागद त्यांच्यापुढे पसरला, कंगव्यावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. हे माझ्या डोक्यातलं आहे, फिट कधी आली नाही, पण बहिणीला यायची तेच हे, पोराबाळांत उतरू शकतं. माझा पाय हलत होता. सासऱ्यांनी चष्मा लावून कागद उलटासुलटा पाहिला आणि खो-खो हसले. बायकोला हाक मारली, "ऐकलं का व! जावई डोक्शाचा नकाशा घेऊन आले!" तीही पदराआड हसली. सासरे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो पावनं, मान्साच्या डोक्शात काहीही असो, पोटात दारू नसली म्हंजे झालं. घ्या, च्या घ्या, निवून राह्यला."

मी चहा प्यालो. गरम होता. परत येताना सायकल जणू आपोआप चालत होती, इतकं हलकं वाटत होतं. घरी आलो तर शांता अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तिला सगळी गंमत सांगितली, सासऱ्यांची नक्कल करून दाखवली, पाठीवरची थापसुद्धा. तिचं सूप थांबलं.

"पुरा कागद दाखवला तू त्याइले?"

"पुरा."

"तुह्यावाला अन् माह्यावाला, दोनही?"

"दोन्ही."

"अन् थे हासले."

"हो ना! खो-खो."

तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "माह्या वक्ताले कोनीच हासलं नाही रे, दादा."